मॉडेल इंजिनाचे स्मोक युनिट : आधी तपासणी, मग दुरुस्ती किंवा बदली

मॉडेल रेल्वे इंजिनाच्या धुराड्यातून धूर येईनासा झाला की बहुतेक नवखे लोक थेट नवे स्मोक युनिट, म्हणजे धूर तयार करणारा भाग, मागवतात. घाई करू नका. बंद पडलेली पुष्कळ युनिटे जळलेली नसतात. कुठे तेल जास्त झालेले असते, कुठे वात काळी पडलेली असते, तर कुठे एखादी तार सुटलेली असते. आणि युनिट खरोखर जळले असेल तर त्याला काहीतरी कारण असते. हीटर कोरडा तापला असेल किंवा त्याला झेपणार नाही इतका व्होल्टेज मिळाला असेल. ते कारण न शोधता नवे युनिट बसवले, तर तेही त्याच वाटेने जाते.

आपल्या इंजिनात कोणते युनिट आहे?

आत काय आहे हे कळल्याशिवाय एकही स्क्रू फिरवू नका. ढोबळमानाने तीन प्रकार भेटतात.

पहिला केशनळीचा. धातूची एक छोटी उभी नळकांडी, तिच्या आत अतिशय बारीक नळी आणि त्या नळीभोवती गुंडाळलेली हीटरची तार. तेल बारीक नळीच्या खालच्या टोकातून आत शिरते, तापते, बुडबुड्यांसह वर उसळते आणि तोंडाशी पांढरा धूर होऊन बाहेर पडते. यात पंखा नाही, हलणारा एकही भाग नाही. १:८७ प्रमाणाच्या एचओ इंजिनांत हाच प्रकार सर्वांत जास्त दिसतो. जर्मनीच्या झॉयटे कंपनीची युनिटे याच जातीची.

दुसरा दट्ट्याचा. चाकांच्या गिअरवरून एक दांडी हलते, छोट्या सिलिंडरमधला दट्ट्या वरखाली होतो आणि त्याच्या हवेने धूर बाहेर ढकलला जातो. अमेरिकन ओ गेजची (एचओहून मोठ्या मापाची) जुनी इंजिने अशी असतात. लायोनेलने १९४६ साली धुराची इंजिने आणली तेव्हा उष्णतेसाठी चक्क बल्ब वापरला होता आणि त्यावर धुराची गोळी टाकायची असे. हीटरच्या तारेची युनिटे त्यानंतर आली.

तिसरा पंख्याचा. तेलाचा एक कप्पा, त्यात वात, वातीला लागून हीटरचे काम करणारा रेझिस्टर आणि शेजारच्या कप्प्यात छोट्या मोटरवरचा पंखा. ओ गेज आणि त्याहून मोठ्या आधुनिक इंजिनांत बहुधा हाच असतो. दुरुस्तीला सर्वांत जास्त वावही यातच आहे.

तिन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी आहे. आपण ज्याला धूर म्हणतो ते खरे तर तेलाच्या वाफेचे धुके असते. काहीही जळणे अपेक्षित नाही. त्यामुळे करपल्याचा वास आला किंवा धूर करडा, काळसर दिसला, की तत्काळ वीज बंद करायची.

हाताशी काय हवे

मल्टिमीटर हवाच, त्याशिवाय सगळे अंदाजपंचे. त्याबरोबर बारीक स्क्रू ड्रायव्हर, टोकदार चिमटा, बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, काचतंतूची वात, सिलिकॉन आवरणाची तार, उष्णता सोसणारी पिवळी पॉलिइमाइड टेप आणि बारीक नोझलची तेलाची बाटली किंवा सुई नसलेली सिरिंज. साध्या प्लास्टिक आवरणाची तार हीटरजवळ वापरू नका. तिचे आवरण मऊ होते आणि आतली तांब्याची तार चासीला, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला, टेकते.

काम सुरू करण्याआधी इंजिन रुळावरून उचला आणि पंधरा-वीस मिनिटे निवू द्या. धूर बंद झाल्यावरही आतला धातू बराच वेळ चटका देण्याइतका तापलेला असतो.

इंजिन न उघडता करायच्या चाचण्या

स्विच पाहा. पुष्कळ इंजिनांत धूर बंद करायचा बारीक स्विच खालच्या बाजूला किंवा केबिनपाशी असतो आणि इंजिन हाताळताना तो नकळत सरकतो. डिजिटल (रुळांतून संदेश पाठवून चालवले जाणारे) इंजिन असेल तर धुराचे फंक्शन चालू आहे का, आणि ते योग्य बटणाला जोडलेले आहे का, ते तपासा.

मग तेल. केशनळीच्या युनिटात तेल कमी पडल्याने जितका त्रास होतो, तितकाच ते जास्त झाल्यानेही होतो. तेल नळीच्या तोंडापर्यंत भरले की बुडबुड्यांना उसळायला जागाच उरत नाही. हीटर तापतो, पण एवढे तेल उकळण्याइतका नाही. आतून गुडगुड आवाज येतो, कधी धुराड्यातून थेंब उडतात, धूर मात्र नाही. अशा वेळी इंजिन उलटे करून जादा तेल कागदी रुमालावर उतरवा किंवा सिरिंजने खेचून घ्या. नळकांडी साधारण अर्धी ते दोन तृतीयांश भरलेली असावी. कित्येक ‘मेलेली’ युनिटे एवढ्यावरच पुन्हा धूर सोडू लागतात.

साध्या डीसी गाडीत, म्हणजे रुळांवरचा व्होल्टेज कमी-जास्त करून चालवायच्या गाडीत, आणखी एक मेख आहे. हीटरला रुळावरचाच व्होल्टेज मिळतो. गाडी हळू चालवली की व्होल्टेज कमी, म्हणजे उष्णता कमी, म्हणजे धूर नाही. हा दोष नव्हे. वेग वाढवल्यावर धूर येत असेल तर युनिट ठणठणीत आहे. फार तर कमी व्होल्टेजवर चालणारे युनिट निवडावे लागेल.

मल्टिमीटर काय सांगतो

आता इंजिनाची बॉडी काढा. उघडण्याआधी आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढून ठेवा. तारांचे रंग लक्षात राहतील असे वाटते, पण राहत नाहीत.

युनिटच्या दोन्ही तारा किंवा प्लग सर्किटपासून सोडवा. जोडलेल्या अवस्थेत मोजले तर बोर्डावरचे बाकीचे भागही मोजमापात येतात आणि आकडा फसवा निघतो. मीटर ओहमवर ठेवा. आधी दोन्ही टोके एकमेकांना टेकवून मीटरच्या तारांचा स्वतःचा रोध बघा. तो ०.३ ते ०.५ ओहम असू शकतो. १३० ओहमच्या हीटरला त्याने काही फरक पडत नाही, ८ ओहमच्या रेझिस्टरला मात्र पडतो, म्हणून तो वजा करा.

अपेक्षित आकडा काढणे सोपे आहे. युनिटवर किंवा माहितीपत्रकावर दिलेल्या व्होल्टेजला करंटने भागायचे. १६ व्होल्ट आणि १२० मिलीअँपिअर लिहिले असेल तर सुमारे १३३ ओहम यायला हवेत. हीटरच्या तारेचा रोध थंड आणि गरम असताना जवळजवळ सारखाच राहतो, बल्बच्या तारेसारखा कित्येक पटींनी वाढत नाही. त्यामुळे थंड असताना मोजलेला आकडाही विश्वासार्ह असतो.

मीटरने अनंत रोध दाखवला तर तार तुटली आहे. आकडा अपेक्षेच्या जवळ असेल तर हीटर शाबूत आहे, आणि दोष तेलात, वातीत, तारांत किंवा डिकोडरमध्ये (डिजिटल इंजिनातला संदेश ओळखणारा बोर्ड) शोधायला हवा. आकडा फारच कमी, एखाद्या ओहमच्या घरात असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. असे युनिट पुन्हा जोडून पाहू नका, डिकोडर जाईल.

पंख्याच्या काही युनिटांत १६ ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडलेले असतात. दोन्ही चांगले असतील तर मीटर ८ दाखवतो. १६ दाखवला तर एक जळाला आहे. धूर पूर्ण बंद न होता निम्म्यावर का आला, त्याचे उत्तर बहुधा हेच.

केशनळीचे युनिट : साफ करा, नाहीतर बदला

हीटर चांगला पण धूर नाही, अशा वेळी नळी तुंबलेली असते. जाडे तेल, धूळ आणि करपलेला थर यांचा तो परिणाम. युनिट रिकामे करा, आत आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब टाका, दहा मिनिटे थांबा आणि उलटे करून निथळू द्या. हे दोन-तीनदा करा. मग नळीतून मावेल अशी अगदी बारीक तार वरून अलगद खाली सोडा. अडली तर फिरवत काढा, दाबू नका. जोर लावला की नळी वाकते आणि तिच्यावरची हीटरची तार तुटते. अल्कोहोल पूर्ण उडाल्याशिवाय वीज जोडायची नाही. ते ज्वालाग्राही आहे, म्हणून एक रात्र उघडे ठेवणे उत्तम.

तार तुटलेली असेल तर या जातीची दुरुस्ती करत बसू नका. नवे युनिट बसवणे हाच व्यवहार्य मार्ग. निवडताना चार गोष्टी जुळवा : बाहेरचा व्यास, लांबी, व्होल्टेज आणि जोडणीचा प्रकार. व्यास व्हर्निअरने मोजा, डोळ्यांनी नाही. अर्ध्या मिलीमीटरच्या फरकानेही युनिट अडते किंवा सैल बसते.

जोडणीच्या प्रकाराकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. काही युनिटांना दोन तारा असतात आणि बाहेरचे आवरण विजेपासून अलग असते. काहींना एकच तार किंवा खाली एक टेकणारा बिंदू असतो, दुसरी जोडणी आवरणातून चासीला होते. डीसी इंजिनात दोन्ही चालतात, डिजिटलमध्ये नाही. त्याविषयी पुढे येतेच.

जुने युनिट सहसा घट्ट बसवलेले असते, चिकटवलेले नसते. खालून बोथट काडीने वर ढकला. पकडीने धुराडे ओढू नका, प्लास्टिकचे धुराडे मुळाशी तुटते. नवे बसवताना भोक लहान वाटले तर गोल कानशीने हळूहळू मोठे करा. ड्रिल प्लास्टिक ओरबाडते. युनिट आणि बॉडीचे प्लास्टिक यांच्यात हवेची फट किंवा पितळी नळीचे अस्तर असावे. गोंद अजिबात नको, कारण पुढच्या खेपेला हेच युनिट पुन्हा बाहेर काढायचे आहे.

पंख्याचे युनिट : पूर्ण ओव्हरहॉल

झाकणाचे दोन ते चार स्क्रू काढा आणि झाकण सरळ वर उचला. खालचे गॅस्केट फाटू देऊ नका. ते गळके झाले की धूर धुराड्याऐवजी बॉयलरच्या फटींतून आणि चाकांमधून येतो.

आधी वातीकडे पाहा. चांगली वात पांढरी किंवा पिवळट आणि मऊ असते. रेझिस्टरला लागून काळी, कडक, कोळशासारखी झाली असेल तर ती तेल ओढत नाही. टाकीत तेल असूनही रेझिस्टर कोरडा तापत राहतो. कंदिलाच्या वातीचे टोक करपले की ज्योत मंद होते, तसेच हे. काळी वात चिमट्याने काढून टाका. हातमोजे घाला, काचतंतू त्वचेत रुतून खाजवतात. फार जुन्या इंजिनांत वात किंवा अस्तर अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकते. शंका आली तर ते कोरडे कुरतडू नका, फुंकर मारू नका. ओले करून उचला आणि पिशवीत बंद करा.

वात काढल्यावर कप्पा अल्कोहोलने पुसून घ्या आणि दोन कप्प्यांमधले हवेचे भोक शोधा. पंख्याची हवा याच भोकातून धुरापर्यंत पोचते. बारीक काडीने ते मोकळे करा.

रेझिस्टर बदलायचा असेल तर ओहम आणि वॉट दोन्ही मूळचेच ठेवा. धूर दाट हवा म्हणून कमी ओहमचा बसवायचा मोह होतो. हिशेब करून बघा. उष्णता म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम. ५ व्होल्टवर ८ ओहमचा रेझिस्टर ३.१ वॉट खातो, ६ ओहमचा ४.२ वॉट. म्हणजे उष्णता तब्बल एक तृतीयांशाने वाढली. धूर थोडा वाढेल, पण वात लवकर करपेल आणि बोर्डावरचा रेग्युलेटर तापेल. धूर कमी येण्याची कारणे बहुतेकदा करपलेली वात आणि मंद पंखा हीच असतात. ती आधी दूर करा.

सोल्डरिंगमध्येही एक खाच आहे. ६३/३७ प्रमाणाचे शिसे-कथिल सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. कोरडा पडलेला रेझिस्टर एवढा सहज तापतो. मग सोल्डर ओघळते आणि रेझिस्टर चांगला असूनही जोड सुटतो. म्हणून रेझिस्टरची पाय-तार आधी भोकात वाकवून पक्की अडकवा आणि मग सोल्डर करा, म्हणजे जोड केवळ सोल्डरच्या भरवशावर राहत नाही. शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळते, इथे तेच बरे. रेझिस्टर कप्प्याच्या भिंतीला किंवा बोर्डाला टेकू देऊ नका. जोडून झाल्यावर त्याच्या पायांपासून धातूच्या कप्प्यापर्यंत मीटरने तपासा. तिथे जोडणी दिसता कामा नये.

नवी वात काचतंतूचीच हवी, कापूस किंवा सुती दोरा जळतो. ती रेझिस्टरखाली आणि बाजूंनी सैल बसवा. रेझिस्टरला स्पर्श व्हावा, पण दाब पडू नये. ठासून भरली तर तेल शोषायला जागा उरत नाही आणि हवेचे भोकही बंद होते. चांगल्या दुरुस्तीनंतरही धूर न येण्याचे हे नेहमीचे कारण आहे. झाकण लावण्याआधी भोकातून आरपार उजेड दिसतो का, पाहून घ्या.

पंखा तपासायला मोटरच्या तारा सोडवून १.५ व्होल्टचा साधा सेल लावा. फिरला तर मोटर ठीक, दोष बोर्डात किंवा तारेत. नुसता थरथरला तर तेलाचा चिकट थर अडतो आहे. पाते आणि मोटरचा दांडा अल्कोहोलने पुसा आणि दांड्याच्या मुळाशी सुईच्या टोकाने हलक्या तेलाचा एक ठिपका द्या. मोटर फिरते पण पाते जागचे हलत नाही, असे असेल तर पात्याचा मधला भाग तडकला आहे. पाते बदलावे लागेल.

धूर येतो पण झोत पडत नाहीत, सलग येतो, अशी तक्रार असेल तर हीटरला दोष देऊ नका. झोतांसाठी पंखा थांबत-सुटत चालवला जातो आणि त्याचा इशारा अ‍ॅक्सलवरच्या सेन्सरकडून किंवा डिकोडरकडून येतो. दोन सिलिंडरच्या वाफेच्या इंजिनात मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात चार झोत पडायला हवेत. चाक हाताने फिरवून सेन्सर तपासा.

दट्ट्याच्या युनिटाविषयी थोडक्यात

रीत बरीचशी वरचीच. दट्ट्या स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. चिकटत असेल तर सिलिंडर अल्कोहोलने पुसा आणि त्यात तेल घालू नका, दट्ट्याला ओशटपणा बाधतो. हीटर नायक्रोम तारेचा असेल तर तिला साधे सोल्डर धरत नाही. टोके पिळून किंवा दाबून बसवावी लागतात. गोळीवर चालणारे जुने युनिट तेलावर आणायचे तर आतला कडक थर खरवडून नवी वात बसवावी लागते. त्याशिवाय तेल ओतू नका.

डिजिटल इंजिनात जोडणी

डीसीसी, म्हणजे डिजिटल नियंत्रणाच्या रुळांवर गाडी उभी असतानाही पूर्ण व्होल्टेज असतो. डीसीसाठी बनवलेले १० किंवा १२ व्होल्टचे युनिट इथे सतत जास्त तापते. डिकोडरच्या आउटपुटवर मीटर लावून खरा व्होल्टेज मोजा आणि त्याला साजेसे युनिट घ्या.

हाताशी १२ व्होल्टचेच युनिट असेल तर मालिकेत रेझिस्टर टाका. समजा युनिट १०० मिलीअँपिअर घेते आणि आउटपुट १६ व्होल्ट आहे. ४ व्होल्ट कमी करायचे, म्हणजे ४० ओहम. बाजारात मिळणारे जवळचे मूल्य ३९. त्यात ०.३९ वॉट उष्णता होते, तेव्हा किमान १ वॉटचा घ्या आणि प्लास्टिकपासून दूर ठेवा.

हीटरची एक तार डिकोडरच्या निळ्या तारेला, दुसरी फंक्शनच्या तारेला, उदाहरणार्थ हिरव्या. हीटरला उलटसुलट नसते. लाल-काळ्या तारा रुळांच्या आणि नारिंगी-करड्या मोटरच्या, त्यांना हात लावू नका. जोडण्याआधी त्या आउटपुटची करंट मर्यादा माहितीपत्रकात बघा. युनिटची गरज त्याहून निदान पंचवीस टक्के कमी असावी.

आवरणातून चासीला जोडले जाणारे युनिट इथे धोक्याचे. चासी एका रुळाला जोडलेली असते. तिचा निळ्या तारेशी संबंध आला तर डिकोडर क्षणात जातो. दोन तारांचे, अलग आवरणाचे युनिटच घ्या आणि तरीही भोवती पॉलिइमाइड टेपचा एक वेढा द्या.

धुराचे फंक्शन स्वतंत्र बटणावर ठेवा आणि डिकोडरमध्ये सोय असेल तर ठरावीक वेळाने आपोआप बंद होईल असे करा. दिव्यांच्या बटणाला धूर जोडला, की यार्डात उभे इंजिन तासभर कोरडे तापते. नवी युनिटे जळतात ती बहुधा अशीच.

पहिली चाचणी आणि तेल

तेल मॉडेल गाड्यांसाठी विकले जाते तेच वापरा. त्यातली बहुतेक शुद्ध केलेली पातळ पॅराफिन तेले असतात. जाडे तेल केशनळीत चढत नाही आणि काळा थर सोडते. रंगमंचावरच्या धूरयंत्राचे पाणीमिश्रित द्रावण इथे चालत नाही. ही तेले पातळ असल्याने गिळताना फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. कोणी प्यायलेच तर उलटी करवू नका, ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. धूर करताना खिडकी उघडी ठेवा.

वीज बंद ठेवूनच तेल भरा. केशनळीच्या छोट्या युनिटाला चार-पाच थेंब टाकून पातळी पाहा. नोझल आत खालपर्यंत न्या, नाहीतर हवेचा बुडबुडा अडकून तेल वरच राहते. पंख्याच्या युनिटात नवी, कोरडी वात असेल तर १५ ते २० थेंब, म्हणजे जेमतेम १ मिलिलिटर. दोन-तीन मिनिटे मुरू द्या, मगच वीज. पहिली दोन मिनिटे बॉडी न लावता कमी व्होल्टेजवर चालवा आणि तारा, टेप, प्लास्टिक कुठे मऊ पडते आहे का ते पाहा. नंतर धूर विरळ होऊ लागताच पाच-सात थेंब घाला, किंवा फंक्शन बंद करा. थोडे तेल उरलेले असतानाच थांबायची सवय लावा.

धुराचे तेल शेवटी रुळांवरच बसते. चाके घसरू लागतात, करंट तुटक येतो, रबरी टायर फुगून सैल होतात. दर खेळानंतर रूळ आणि चाके अल्कोहोलने ओलावलेल्या कापडाने पुसा. इंजिन खोक्यात आडवे ठेवायचे असेल तर आधी उरलेले तेल काढून घ्या, नाहीतर ते मोटरपर्यंत झिरपते.